बिननावी पेल्याची मोहीम

इतवार, सकाळचे दहा वाजून पंचवीस मिनिटे. कुंभकोणम् मुक्कामी दक्षिणी मराठी बांधव सभेच्या दिवाणखान्यात तेरा वर्षांच्या स्फूर्तीने वहीतून स्वतः रचलेली कविता वाचली, आणि सहाव्या ओळीस सभेचे अध्यक्ष राजश्री कृष्णराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. कविता नऊ ओळींची होती. उरलेल्या तीन ओळी त्यांनी उभ्यानेच ऐकल्या. मोहिमेस आरंभ येथून.

ऐसे प्रसंग ज्या मुलखी घडतात तेथे ते लिहून ठेवणारा लागतो, नाहीतर हरलेले आपणांस विजयी म्हणवितात आणि पुढचे ते वाचून खरे मानितात. याकरिता जे घडले ते घडल्या वेळेसह, ज्याने पाहिले त्यास पुसून, येथे लिहिले आहे. दोघांची साक्ष जुळली नाही तेथे तसे नमूद आहे. मुलाहिजा कोणाचा ठेविला नाही, कारण ठेवण्याजोगा कोणी आढळला नाही.

आता मागील वर्तमान. सभेचे मानकरी म्हणजे तंजावरच्या भोसल्यांच्या अमलात या प्रांती आलेल्या घराण्यांचे वंशज. तलवारी कधीच्या ठेविल्या, हल्ली कोणी बँकेतून निवृत्त, कोणी संगणकाच्या चाकरीत, आणि घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा रिवाज. पोरांस मराठी बोलता येते आणि वाचता येत नाही, याची खंत सभेस तीस वर्षे होती, आणि ती प्रतिवर्षी वार्षिकोत्सवात भाषण करून व्यक्त केली जात असे. मग दोन वर्षांमागे वेदवतीबाई पुढे आल्या. बाई शाळेत इतिहास शिकवीत, आणि इतवारी नऊ ते अकरा सभेत मराठीचा वर्ग फुकट घेईन म्हणाल्या. सभेने यावर चार बैठका घेऊन विनामूल्य देणगी मोठ्या मनाने स्वीकारली.

यंदा उत्सवास पुण्याहून एक प्राध्यापिका पाहुण्या म्हणून येणार ऐसा खलिता आला, आणि सभेत मोठी धांदल उडाली. पाहुण्यांपुढे पोरांकडून काय म्हणवावे याची मसलत झाली. श्लोक म्हणवावेत तर ते पुण्यासही आहेत. मग वेदवतीबाईंनी तजवीज मांडली, की समाजसुधारणेच्या चळवळी शिकवू, आणि त्या सनावळीने न शिकवता निषेधाच्या कवितांतून शिकवू. पाणवठ्यावरून ज्यांस हाकलले त्यांनी काय रचले, ज्या बायकांचे केस उतरविले त्यांनी काय रचले, शाळेच्या दाराबाहेर बसविलेल्यांनी काय रचले, ते पोरांनी ऐकावे. सभेस हे फारच रुचले. सुधारणेच्या या कविता सातशे मैलांवरच्या, दीडशे वर्षांमागच्या, आणि दुसऱ्यांच्या पापांवरच्या होत्या. इतक्या सोयीचा क्रोध सभेस आजवर कोणी आणून दिला नव्हता. कृष्णरावांनी स्वतः दोन वेळा वर्गात बसून माना डोलाविल्या, आणि डोळे पुसले, आणि "काय ते निर्दय लोक!" असे उद्गार काढले. याची साक्ष वर्गातल्या अकराही पोरांनी दिली.

परंतु बाईंची शिकविण्याची रीत होती, आणि ती रीत कोणी पुसली नाही. कविता वाचून झाली की बाई पोरांस सांगत, आता आपल्या गावी, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले एक लिहा. ऐकलेले नको, पाहिलेले. मग अकरांपैकी दहा पोरांनी प्लास्टिकवर, कावेरीच्या घाणीवर आणि झाडे तोडण्यावर लिहिले, कारण त्यात कोणाचे नाव येत नाही. अकराव्या स्फूर्तीने जे लिहिले ते असे. तमिळ अक्षरांत लिहिले होते, कारण पोरांस तीच अक्षरे येतात, भाषा मराठी.

सभेत पेले साठ,
साठांवर नावे साठ.
कोणाच्या मुंजीचे, कोणाच्या साठीचे,
कोणी गेले त्यांच्या आठवणीचे.
एक पेला मोरीपाशी, पालथा,
त्यावर नाव नाही.
त्यात कॉफी उंचावरून पडते.
पडताना आवाज येतो.
मी माझी कॉफी पीत तो ऐकते.

वस्तुस्थिती तपासली. सभेच्या मांडणीवर स्टीलचे साठ पेले खरोखरच आहेत. ज्या सभासदाने जो पेला ज्या कार्यानिमित्त दिला त्याचे नाव आणि कार्य त्यावर कोरलेले आहे. इतवारी वर्ग सुटला की सुब्बलक्ष्मीमामी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, त्यांत सर्वांस कॉफी देतात. एकसष्टावा पेला मोरीच्या कट्ट्यावर निराळा असतो. तो अंजलैचा. अंजलै साक्कोट्टैहून बसने येते, दिवाणखाना झाडते, आणि साठ पेले घासते. साठ पेल्यांस तिचा हात लागतो. तिचे ओठ त्यांपैकी कोणत्याही पेल्यास लागत नाहीत. घासलेले चालते आणि प्यालेले चालत नाही, याचा आधार कोणत्या ग्रंथी आहे तो सभेस पुसला, मिळाला नाही.

असो. कृष्णराव उभे राहिले होते, तेथून पुढे. मग त्यांनी वेदवतीबाईंस विचारले, "हे कोणत्या शतकातलं?"

"ह्याच, मामा. गेल्या इतवारचं."

"आपल्या सभेत असं काही नाही."

"मोरीपाशी आहे, मामा," स्फूर्ती म्हणाली. "दाखवू का?"

यावर सुब्बलक्ष्मीमामी चरवी हाती घेऊन रणात उतरल्या. "अगो, कॉफी कढत असते. जवळून ओतली तर बिचारीच्या बोटांस चटका लागेल. तिच्या काळजीनं वरून ओतते मी!"

"मग माझी जवळून का ओतता, मामी?"

यावर मामी दूध उतू जाते म्हणून आत गेल्या असे तिघे सांगतात. दूध चुलीवर नव्हते असे दोघे सांगतात.

सोमवारी सायंकाळी पाच वाजता कृष्णरावांच्या वाड्यावर कार्यकारिणीची मसलत भरली. वाडा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सदनिका होय. सात मुत्सद्दी हजर. त्यांत सभेचे कारभारी बदरीनाथ, हे स्फूर्तीचे वडील, आणि त्यांची अवस्था बिकट. घरात बंडखोर आणि बाहेर हुजूर, आणि मध्ये हे हिशेबतपासनीस गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात कोणतीही बाजू घेतली नव्हती आणि त्यावरच नाव मिळविले होते. बदरीनाथांनी समेटाच्या तीन तजविजी मांडल्या. पहिली, पेल्याच्या जागी झाड घालावे. दुसरी, कवितेच्या माथ्यावर 'फार पूर्वी' एवढे दोन शब्द लिहावेत, म्हणजे कविता आपोआप इतिहासात जाईल आणि सर्वांस टाळ्या वाजविता येतील. तिसरी, मुलीस त्या दिवशी ताप यावा. दुसरी तजवीज सर्वांस पसंत पडली, आणि कारभाऱ्यांच्या अक्कलहुशारीची तारीफ झाली, आणि त्यांनीच घरी जाऊन ती मुलीस सांगावी असे ठरले. ते घरी गेले आणि सांगितले. मुलगी म्हणाली, "अप्पा, फार पूर्वी म्हणजे गेल्या इतवारी का?" कारभारी जेवण टाकून उठले की जेवून उठले, याविषयी साक्षी नाही.

तोवर कवितेचे छायाचित्र सभेच्या व्हॉट्सॲपवरील समूहात शिरले. चेन्नई, बंगळूर आणि अमेरिकेच्या दोन नगरांतून कुमक येऊ लागली. एका रात्रीत त्रेचाळीस खलिते आले. त्यांपैकी एकतीस नुसते जोडलेले हात. ते कोणत्या पक्षास जोडले हे पाठविणाऱ्यांनाही सांगता आले नाही. सात खलित्यांत आमच्या घरी असे कधीच नव्हते ऐसी ग्वाही. चारांत मुलांस ही भाषा कोण शिकविते ऐसी पृच्छा. आणि एक खलिता कोण्या काकांचा, ज्यात समूह चुकला असे वाटून कोणाच्या वाढदिवसाचा केक.

मंगळवारी सकाळी साडेनवास अध्यक्षांचे फर्मान निघाले. त्यातील मजकूर असा की सदर कविता सभेच्या इभ्रतीस बाधक असल्याने उत्सवात वाचली जाणार नाही. वाचण्याचा हट्ट झाल्यास इतवारचा वर्ग बंद करून दिवाणखान्याच्या किल्ल्या कार्यालयात जमा कराव्यात. वेदवतीबाईंनी नऊ वाजून त्रेपन्न मिनिटांनी किल्ल्यांसह जबाब धाडला, तो दोन ओळींचा. अकरांपैकी एक पोर वाचणार नसेल तर अकराही वाचणार नाहीत. पाहुण्यांस रिकामे व्यासपीठ दाखवावे.

यात बाईंचे काय पणास लागले होते ते सांगणे अवश्य आहे. हा वर्ग गेला तर गावात मराठी शिकविण्यास दुसरी जागा नाही, आणि दोन वर्षांत ज्या पोरांस अर्धी बाराखडी आली ती तितकीच राहील. बाईंनी हे जाणून दोन ओळी लिहिल्या. सभेच्या बाजूने एवढेच पणास लागले होते, की पुण्याच्या बाईंनी आपल्यास काय म्हणावे.

बुधवारी पावणेपाच वाजता स्फूर्ती शाळेतून परस्पर सभेत आली. अंजलै मागल्या अंगणात झाडू आपटीत होती. हे संभाषण तमिळमध्ये झाले. मराठी येथे केले आहे; पाप्पा म्हणजे पोरी.

"ये पाप्पा. मला गाण्यात घातलंस म्हणे."

"हो."

"मला विचारलंस?"

मुलीने वही उघडली आणि मिटली. हा प्रश्न सात मुत्सद्द्यांपैकी कोणी केला नव्हता.

"वाच बघू."

मुलीने एकेक ओळ तमिळमध्ये करून सांगितली. अंजलैने झाडूच्या काड्या जुळवीत ऐकून घेतले.

"आवाज येतो ते खरं," ती म्हणाली. "आणि हातावर सांडतं ते कुठं गेलं? तू लांब बसतेस, तुला आवाजच येणार. चटका मला बसतो."

"घालते."

"आणि माझं नाव?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही घातलं."

"हं. पेल्यावरही नाही, गाण्यातही नाही. सगळेच माझी काळजी करतात."

मुलीने पायरीवर बसून पेन्सिल काढली. यावर अंजलैने तिला हेही ऐकविले, की उद्या मला काढून टाकले तर तुझे गाणे मला साक्कोट्टैत बसून गावे लागेल. मुलगी म्हणाली, मग नको वाचायला का? अंजलैने जरा विचार केला. "वाच. काढलं तर साठ पेले मामी घासतील. तेही एकदा होऊ दे." मग कवितेत दोन ओळी वाढल्या. 'थोडी हातावर सांडते. हात अंजलैचा.' नवाच्या अकरा झाल्या. या मोहिमेत जेवढी म्हणून दुरुस्ती झाली त्यात कामाची एवढी एकच.

गुरुवारी हे वर्तमान हुजुरांस पोचले, की कवितेत आता नाव आले. हुजुरांस रात्रभर झोप नव्हती असे मामी सांगतात, आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचास फिल्टरमधून कॉफीचे डिकाशन उतरत असता त्यांस एकाएकी बुद्धी झाली. ती अशी की, कवितेची तक्रार काय? पेल्यावर नाव नाही. मग पेल्यावर नाव घालावे! नाव घातले की तक्रार संपली, आणि तक्रार संपली की कविता खोटी पडली, आणि खोटी पडलेली कविता कोणी कितीही मोठ्याने वाचो. शिवाय व्यासपीठावर सत्कार करून पेला अर्पण केला तर सुधारणा होते, आणि पाहुण्यांदेखत होते, आणि मोरीचा कट्टा आहे तिथेच राहतो. कृष्णराव चार दशके बँकेत होते. शब्द बदलून वस्तू जागेवर ठेवण्याची कला तेथे मुरलेली. त्याच सकाळी बैठकीत त्यांनी ही मसलत सांगितली तेव्हा साती मुत्सद्दी स्तिमित झाले, आणि एकाच्या डोळ्यांस पाणी आले. वेगळा पेला मोडावा, असे त्या बैठकीत एकदाही कोणाच्या तोंडून निघाले नाही. सुचलेच नाही. दडवून ठेविले असते तर निदान लबाडी म्हणता आली असती.

तह ठरला. कविता वाचली जावी, अकराच्या अकरा ओळी. त्यापूर्वी अध्यक्षांनी सत्कार करावा. वर्ग चालू राहावा. वेदवतीबाईंनी अटी दोन वेळा वाचल्या आणि कबूल केल्या. मसुद्यात सत्कार एवढेच लिहिले होते, पेल्याचा उल्लेख नव्हता.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता बदरीनाथांची स्वारी भांड्यांच्या पेठेत स्वामीनाथ कोरणाऱ्याकडे गेली. पेला नेताना त्यांनी तो रुमालात गुंडाळून नेला. बोटे लागू नयेत म्हणून, की कोणी पाहू नये म्हणून, ते विचारता त्यांनी विषय बदलला. स्वामीनाथ विजेच्या लेखणीने दिवसाला दोनशे भांड्यांवर नावे कोरतो, आणि त्यास प्रश्न ठरलेले.

"काय शुभकार्य? लग्न? कान टोचणं?"

"तसं नाही."

"गृहप्रवेश?"

"समाजसुधारणा," बदरीनाथ म्हणाले.

स्वामीनाथने लेखणी थांबविली. "त्याला वर पिळ्ळैयारची खूण घालू की नको?"

"घाल. शुभच आहे."

"नाव देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?"

"घेणाऱ्याचं. अंजलै."

स्वामीनाथने गणपतीची खूण काढली, आणि खाली ठसठशीत तमिळ अक्षरांत अंजलै असे कोरले, आणि तारीख घातली, आणि भुकटी फुंकून पेला परत दिला. कामास चार मिनिटे लागली.

इतवारी उत्सव झाला. पुण्याच्या पाहुण्या साडेनवास दाखल झाल्या. दारातच सुब्बलक्ष्मीमामी "यावें, बसावें, प्रवासें श्रमलां असाल" असे बोलल्या. पाहुण्यांनी दोन्ही हात छातीशी धरले. "अय्या, किती गोड! अगदी जुन्या कागदपत्रांतलं ऐकतेय असं वाटतं." त्यांनी मामींस तेच वाक्य पुन्हा म्हणण्यास लावून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. मामींनी तिसऱ्या वेळीही म्हटले.

मग दहा पोरांनी प्लास्टिकचा आणि कावेरीच्या घाणीचा निषेध केला, आणि सभेने त्या निषेधास मनापासून पाठिंबा दिला. मग कृष्णरावांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, आणि आपल्या पूर्वजांचा पराक्रम सांगितला, आणि सुधारणेचा वारसा सांगितला, आणि सभेने वेळोवेळी काळाची पावले ओळखली असे सांगितले, आणि अंजलैस व्यासपीठावर बोलाविले. ती ओल्या हातांनीच आली. तिच्या खांद्यांवर जरीची शाल घातली गेली, जशी या प्रांती मंत्र्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांस घालतात. मग कृष्णरावांनी नाव कोरलेला पेला तिच्या दोन्ही हातांत दिला. हात एकमेकांस लागू नयेत अशा बेताने दिला. छायाचित्रांत ते अंतर दिसते. टाळ्या झाल्या. पाहुण्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, हे फार मोठं पाऊल उचललंत." अध्यक्ष म्हणाले की आम्ही मोठमोठी भाषणे करीत नाही. तोवर ते सतरा मिनिटे बोलले होते.

नंतर स्फूर्तीने कविता वाचली. 'त्यावर नाव नाही' या ओळीस पुढच्या रांगेतून कोणी मोठ्याने "आता आहे!" म्हणाले, आणि हशा झाला. मुलीने वहीतून वर पाहिले. ती थांबली. वेदवतीबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. मुलीने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली आणि उरलेल्या पाच न थांबता म्हटल्या. 'हात अंजलैचा' येथे टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुण्यांनी एकट्यांनी वाजविल्या, आणि मग सर्वांनी वाजविल्या.

अकरा वाजता कॉफी झाली. साठ पेले फिरले. एकसष्टावा, शाल पांघरलेल्या अंजलैने, मोरीपाशी पुढे धरला. मामींनी त्यात कॉफी ओतली. उंची वीतभर होती ती वीतभरच राहिली. आवाज झाला. हातावर थोडी सांडली. पाहुण्यांची पाठ होती. स्फूर्तीची नव्हती. सुधारणा होऊन तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती.

अंजलैने कॉफी पिऊन साठ पेले घासले, आणि मग आपला घासला, आणि पदराने कोरडा केला, आणि शालीत गुंडाळून पिशवीत घातला, आणि दोनच्या बसने साक्कोट्टैस गेली. हे कोणी पाहिले नाही. तिनेच पुढे सांगितले.

गुरुवारी मामींनी कट्टा पाहिला तो रिकामा. चौकशी सुरू झाली. बदरीनाथांनी अंजलैस फोन लाविला, आणि तो ध्वनिवर्धकावर ठेविला, म्हणून संभाषण चौघांनी ऐकले.

"अंजलै, तो पेला कुठे?"

"घरी. नात ताक पिते त्यात. छान आहे, जड आहे."

"अगं, तो सभेचा आहे."

"सामी, नाव कुणाचं आहे?"

बदरीनाथांनी इतरांकडे पाहिले.

"तुमच्या घरून शेजारी सांबार गेलं, भांडं तिकडं राहिलं, तर काय वाचून परत आणता? आमच्याकडंही नाव वाचूनच आणतात. माझं नाव आहे, पिळ्ळैयार आहे, तारीख आहे. वर चारचौघांत हातात दिलात. शाल घातलीत. पुण्याच्या अम्मांनी फोटो काढला. आता परत मागता, सामी?"

"मागत नाही," बदरीनाथ घाईने म्हणाले. "नुसतं विचारलं."

"विचारा की."

"मग इतवारी तू कॉफी कशात घेणार?"

"ते मी कसं सांगू? कॉफी मामी देतात. मांडणीवर साठ आहेत ना?"

फोन तिकडून बंद झाला. येथे सभेस प्रथमच कळले, की भांड्यावर नाव घालणे म्हणजे काय, हे या शहरात लहान पोरही जाणते, आणि सात मुत्सद्दी, एक बँक, एक हिशेबतपासनीस मिळून जाणत नव्हते. दात्यांचे नाव असलेले साठ पेले वापरीत त्यांची आयुष्ये गेली. घेणाऱ्याचे नाव घातले की वस्तू त्याची होते, हे त्यांच्या ध्यानी यावे तर आधी अंजलैच्या मालकीचे काही असू शकते हे ध्यानी यावे लागते.

दुसरा पेला मोरीपाशी ठेवावा काय, यावर शनिवारी बैठक झाली. ठेवावा तर सुधारणा झाल्याचे छायाचित्र पुण्यात पोचलेले, आणि पाहुण्यांनी ते अभिमानाने सर्वत्र प्रसिद्ध केलेले. कागदी पेला आणावा तर दहा पोरांच्या कवितांस भुलून सभेने उत्सवातच त्यास बंदी केलेली. अंजलैस काढावे तर, शाल घालून सातव्या दिवशी काढले, ही बातमी होणार. तेव्हा दोन तास मसलत करून, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, कार्यवृत्तात ठराव नोंदला गेला, तो अक्षरशः असा: "सभेत कोणासाठीही वेगळा पेला नाही, व यापुढे असणार नाही. हा ऐतिहासिक निर्णय सर्वानुमते. सूचक कृष्णराव. अनुमोदक बदरीनाथ." ठराव खरा होता. वेगळा पेला सभेत नव्हता, साक्कोट्टैत होता. येणेकरून दक्षिणी मराठी बांधव सभेने शतकांची प्रथा एका बैठकीत मोडून काढली, शत्रूची एक तोफ न घेता आपली एक गमावून जय मिळविला, आणि हा जय लेखी, सहीशिक्क्यानिशी, सात मुत्सद्द्यांच्या नावे दफ्तरी दाखल झाला. वेदवतीबाईंस वर्गाच्या किल्ल्या परत मिळाल्या. त्यांनी पोच दिली, त्यात ठरावाविषयी अक्षर नाही.

आज इतवार. वर्ग नऊला भरला, अकरास सुटला. स्फूर्ती, वेदवतीबाई आणि दहा पोरे दिवाणखान्यात आहेत. कृष्णराव खुर्चीवर वर्तमानपत्र उघडून आहेत, पान उलटलेले नाही. अकरा वाजून चार मिनिटांनी कॉफी तयार झाली. आज ती अजून कोणासच दिलेली नाही. अंजलै मोरीपाशी नेहमीच्या जागी उभी होती, ती आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली आहे. हात मोकळे. सुब्बलक्ष्मीमामींनी मांडणीवरून एक पेला उचलला, तो सासऱ्यांच्या आठवणीचा निघाला, आणि परत ठेविला. दुसरा उचलला, तो खाशांच्या, म्हणजे कृष्णरावांच्या, साठीचा.

"कोणता गे?" मामींनी विचारले. कोणास विचारले ते स्पष्ट नाही.

"जो घासलेला असेल तो, मामी," अंजलै म्हणाली. "सगळे मीच घासलेत."

अकरा वाजून बारा मिनिटे. दुसरा पेला मामींच्या हातात आहे.